रेघेला टांगलेली अक्षरं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या डेव्हेंटर नगरीचे माननीय नगराध्यक्ष एव्हर्ट लांकहोर्स्ट महाशय. व्यासपीठावर विराजमान झालेले विद्यालयाचे सन्माननीय विश्वस्त. ज्यांच्यासाठी आपण या कडाक्याच्या थंडीत घरची शेगडी सोडून इथे जमलो ते सत्कारमूर्ती, पूर्वेकडच्या भाषांचे प्राध्यापक लुबर्ट कोएर्स. माझ्या धंद्यातले छापखानेवाले, खिळे जुळवणारे जुळारी, तांब्यावर कोरणारे कारागीर, पुस्तकबांधणीवाले. आणि मागच्या बाकांवर बसून आतापासूनच बिअरच्या पिंपाकडे डोळे लावलेल्या माझ्या तरुण मित्रांनो,

आपणा सर्वांना आलेइडा विखर्सचा सविनय नमस्कार.

अध्यक्ष महाशयांच्या कपाळावरची आठी मला इथूनही दिसते आहे. बायकांनी सभेत बोलायचा आपल्याकडे रिवाज नाही, मला ठाऊक आहे. पण अध्यक्ष महाशय, आज जानेवारीतल्या तीन राजांच्या सणानंतरचा सोमवार. हा छापखान्यांचा सण. या दिवशी ज्याच्या घरचा हंस भाजला जातो त्यानं दोन शब्द बोलायचे, हा आमच्या धंद्याचा रिवाज तुमच्याहून जुना आहे. हंस माझ्या भट्टीत भाजलाय. तेव्हा ऐकून घ्यावं लागेल. आणि पाय मोकळे सोडून बसा, कारण दोन शब्दांत हे आटपणारं नाही.

माझा छापखाना तुम्ही सगळे ओळखता. आमच्या पुस्तकांवर अजूनही ‘हार्मेन विखर्स यांची विधवा’ असंच छापलं जातं. हार्मेन जाऊन इतकी वर्षं झाली, छापायचं यंत्र मी चालवते, कागद मी आणते, जुळाऱ्यांशी भांडण मी करते, पण पुस्तकावर नाव त्याचं. असू दे. नवरा चांगला होता, तक्रार नाही. सांगायचं एवढंच, की प्राध्यापकांची सगळी पुस्तकं याच विधवेनं छापली, त्यामुळे त्यांची जितकी खडानखडा माहिती मला आहे तितकी त्यांच्या विद्यार्थ्यांनाही नसेल.

लुबर्ट हा ब्रिंक चौकातल्या सुक्या माशांच्या दुकानदाराचा, कोएर्टचा मुलगा. जुन्या मंडळींना ते दुकान आठवत असेल. दाराच्या वर आडवी काठी आणि काठीला शेपटीनं बांधलेले, वाळून लाकूड झालेले मासे. कोएर्ट मोठा खमंग माणूस. गिऱ्हाईक म्हणालं, ‘फार कडक आहे हो मासा,’ की तो म्हणायचा, ‘मग बायकोला मारायला घेऊन जा, आणि ती जिंकली तर शिजवायला लाव.’ अशा बापाचा हा मुलगा लॅटिन शाळेत गेला, पहिला आला, लायडनच्या विद्यापीठात गेला, आणि परत आला तो नावाचं लॅटिन करून, लुबर्टुस कोएर्सियुस होऊन. हीब्रू येते, अरबी येते, सीरियाक येते. एकच गोष्ट येत नव्हती, ती म्हणजे बापाच्या दुकानासमोरून जाणं. चर्चला निघाला की धान्यबाजाराला वळसा घालून जायचा. हसू नका प्राध्यापक, अख्ख्या गावाला माहीत होतं. कोएर्टलाही माहीत होतं. तो एवढंच म्हणायचा, ‘पोरगं शिकलंय. वास येणारच त्याला.’

आता या माणसाचं पुस्तकांचं वेड मी काय सांगू! लोक दारूपायी चांदीचे चमचे गहाण ठेवतात. यांनी लग्नात आलेला चांदीचा पेला एका अरबी व्याकरणापायी लायडनच्या एका गृहस्थाकडे तारण ठेवला. आपल्याकडे तशीच पद्धत आहे, दुर्मीळ पुस्तक हवं तर तारण ठेवा. पेला गेला तो गेलाच, कारण पुस्तक परत करायची वेळ आली की हे म्हणणार, ‘अजून एक पान उतरून घ्यायचंय.’ त्यांची बायको मेखटेल्ड, देव तिच्या आत्म्याला शांती देवो, माझ्याकडे येऊन म्हणायची, ‘आलेइडा, माझी सवत कागदाची आहे. केस ओढायला केससुद्धा नाहीत तिला.’

तर अशा घरात ते पुस्तक आलं.

पुस्तक तरी काय म्हणायचं त्याला? आपल्या गावचा एक व्यापारी ईस्ट इंडिया कंपनीत होता. विंगुर्ला नावाच्या बंदरात त्यानं वर्षानुवर्षं मिरीचा आणि कापडाचा हिशेब पाहिला आणि परतीच्या वाटेवर जहाजातच वारला. त्याची पेटी इथे लिलावाला निघाली. तिच्यात एक लाल फडकं, फडक्यात दोन लाकडी फळ्या, आणि फळ्यांमध्ये सुट्या पानांची चळत. हातभर लांब, चार बोटं रुंद पानं. शिवण नाही, बांधणी नाही, पुठ्ठा नाही, चित्र नाही. नुसती अक्षरं, आणि ती कुणाच्याही ओळखीची नाहीत. अरबी म्हणावं तर नाही, हीब्रू म्हणावं तर नाही. विद्यालयानं ती चळत विकत घेतली आणि लुबर्टच्या हवाली केली. त्या संध्याकाळी ते माझ्या छापखान्यात आले तेव्हा लग्नाच्या दिवशीसुद्धा दिसले नसतील इतके खुशीत होते. म्हणाले, ‘आलेइडाबाई, अख्ख्या हॉलंडात हे वाचू शकणारा एकही माणूस नाही!’

मी म्हटलं, ‘त्यात तुम्हीही आलात.’

‘मीही आलो!’ म्हणाले, आणि टाळी वाजवली.

त्यांनी काय काय केलं नाही? बंदरावर जाऊन खलाशांना विचारलं. खलाशी काय, बिअरचा पेला समोर ठेवला की हवं ते सांगतो. एक म्हणाला, ही लिपी खालून वर वाचतात. दुसरा म्हणाला, ही जादूटोण्याची आहे, मोठ्यानं वाचली तर जहाज बुडतं. तिसरा म्हणाला, आणखी एक पेला मिळाला तर आठवेल. शेवटी प्राध्यापकांनी स्वतःच्या डोक्यानं चालायचं ठरवलं. आणि इथेच, मंडळी, घोळ झाला.

तुम्हीच सांगा, आपण लिहितो कसं? पोराला पाटी दिली की आधी रेघ मारतो आणि रेघेवर अक्षरं उभी करतो. रेघ म्हणजे जमीन, अक्षर म्हणजे माणूस. त्या पानांवरही प्रत्येक ओळीला एक लांब रेघ होती. तेव्हा प्राध्यापकांनी पान असं धरलं, की रेघ खाली आणि अक्षरं तिच्यावर उभी. तसं धरल्यावर पहिल्या पानाची सगळ्यात वरची ओळ अर्धीच होती आणि उजव्या कडेला चिकटलेली. मग झालंच की! उजवीकडून सुरुवात, म्हणजे ही हीब्रूसारखी उजवीकडून डावीकडे चालणारी लिपी. आणि वरची अर्धी ओळ म्हणजे पुस्तकाचं नाव. सगळं कसं चपखल बसलं. मीही पाहिलं, मलाही पटलं. लायडनच्या पंडितांना पटलं. कुणालाही पटावं असंच होतं ते.

वर्षानुवर्षं ते त्या पानांपाशी बसले. अक्षरांची वर्गवारी केली, कुठलं किती वेळा येतं ते मोजलं. मग त्यातलं एक पान तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेतलं. त्याखाली लॅटिनमध्ये कोरलं, ‘हिंदुस्थानातली एक अज्ञात लिपी, डेव्हेंटरच्या लुबर्टुस कोएर्सियुस यांच्या अभ्यासिकेतून.’ त्याचे ठसे काढून युरोपभरच्या विद्वान मित्रांना पाठवले, कुणाला काही उमगतं का बघा म्हणून. उत्तरं आली ती सगळी सारखीच: सुंदर आहे, अद्भुत आहे, आम्हाला काही कळत नाही, आपली प्रकृती कशी आहे?

फक्त एकाचं उत्तर वेगळं आलं.

ऱ्हाईन नदीच्या वरच्या अंगाला राहणारे कुणी डॉक्टर वेंडेलिन हाउस्नर. त्यांनी कळवलं, ‘मी वाचलं.’ एका महिन्यात! नुसतं वाचलं नाही, लॅटिन वृत्तात भाषांतर केलं. ते चंद्राला उद्देशून रचलेलं स्तोत्र निघालं. आणि ते भाषांतर त्यांनी प्राध्यापकांना पाठवलं नाही हं. थेट आपल्या नगरसभेला पाठवलं. सोबत विनंती की, ज्या गृहस्थांना इतक्या वर्षांत एक शब्द वाचता आला नाही त्यांच्या जागी माझी नेमणूक व्हावी.

अध्यक्ष महाशय, तेव्हाही नगराध्यक्ष तुम्हीच होता. तुम्ही काय म्हणाला होतात ते तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं. तुम्ही म्हणालात, ‘एकाला महिना पुरतो, दुसऱ्याला जन्म पुरत नाही. बेकरीत असा कामगार मी दुसऱ्या दिवशी ठेवला नसता.’ बरोबरच होतं तुमचं. तुम्ही मधाच्या केकचे कारखानदार, तुम्हाला भट्टीतून माल बाहेर आलेला दिसला पाहिजे. ठरलं असं, की डॉक्टरांना बोलवायचं, भर सभेत वाचून दाखवायला लावायचं, आणि मग लुबर्टना निरोप द्यायचा. जागा जाणार, विद्यालयाचं घर जाणार. ते दोन्ही त्यांनी सोसलं असतं. पण ती लाल फडक्यातली पानं विद्यालयाची होती. ती डॉक्टरांच्या हातात जाणार होती. मेखटेल्ड तेव्हा नुकतीच गेली होती. त्या माणसाकडे दुसरं उरलं काय होतं?

सभेच्या दोन दिवस आधी ते माझ्याकडे आले. या लिपीवरचं माझं पुस्तक आता होणार नाही, निदान पत्र्याचे थोडे ठसे स्वतःसाठी काढून द्या म्हणाले. आम्ही ठसे काढले आणि माळ्यावर वाळत घातले. आता माझा माळा ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, आडव्या दोऱ्या बांधलेल्या, आणि ओला कागद मधोमध दोरीवर टाकलेला, धुणं टाकतात तसा. अर्धा कागद दोरीच्या या अंगाला लोंबतो, अर्धा त्या अंगाला. म्हणजे एका बाजूनं बघितलं तर छपाई सुलटी दिसते, आणि दुसऱ्या बाजूला जाऊन उभं राहिलं तर उलटी.

प्राध्यापक त्या दुसऱ्या बाजूला उभे होते. मी काठीनं कागद सरकवत होते. एकदम ओरडले, ‘बाबांचं दुकान!’

माझ्या हातातली काठी पडली. ‘अहो काय झालं? डोकं फिरलं का?’

‘डोकं नाही, आलेइडाबाई, पान! पान फिरवलं पाहिजे! इकडे या, इकडे या, इथून बघा. काय दिसतं?’

मी गेले. ‘उलटा छापलेला कागद दिसतो. आणि कागदाखाली वेडा झालेला प्राध्यापक दिसतो.’

‘ओळीकडे बघा! अक्षरं उभी नाहीयेत. लटकलीयेत. रेघ वर आहे. आडवी काठी, आणि काठीला टांगलेले मासे! उभ्या जन्मात मी ते दुकान बघायचं टाळलं, आणि ते इथे येऊन माझ्यापुढे लोंबतंय!’

आणि मंडळी, ते रडायला लागले. मला आधी कळेना, आनंदानं की दुःखानं. कोएर्ट तर केव्हाच वारला होता. मग ते म्हणाले, ‘बाबा असते तर त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं असतं, की लुबर्ट, मासा उलटा टांगलायस.’ मीही रडले. माळ्यावर दोघं म्हातारे रडतोय आणि खाली माझे जुळारी म्हणतायत, बाई आणि प्राध्यापकांचं काहीतरी बिनसलं.

रडून झाल्यावर मी व्यवहाराचं बोलले. म्हटलं, ‘चला, सुंठीवाचून खोकला गेला. पान फिरवून धरायचं आणि सभेत सांगायचं, डॉक्टर, तुम्ही उलटं वाचलंत. खलास.’

ते म्हणाले, ‘त्यानं उलटं धरलं ते कुणाचं बघून? पत्र्याखाली नाव माझं आहे.’

‘ते खरवडून टाकते मी. तांबं आहे, घासलं की गेलं. विचारलंच कुणी तर कोरणाऱ्याची चूक म्हणू.’

‘कोरणाऱ्याला बायकामुलं आहेत, आलेइडाबाई.’

ते टोपी घालून निघून गेले. सभेत काय करणार, ते सांगितलं नाही. मला वाटलं, हा माणूस आता तोंडच उघडायचा नाही. डॉक्टरला उघडं पाडायचं तर आधी स्वतः उघडं पडायला हवं, आणि विद्वानाला लाज माशाच्या वासाहून जड असते.

सभेचा दिवस उजाडला. बायकांना वरच्या सज्जात जागा होती. डॉक्टर वेंडेलिन आले. काय रुबाब! काळी मखमल, हातभर दाढी, बोटात अंगठी. नगरसभेनं वाइन दिली, मधाचा केक दिला. त्यांनी स्तोत्र म्हटलं. लॅटिन मला अर्धंमुर्धं कळतं, पण आवाज असा, की चंद्र खिडकीशी येऊन ऐकेल. टाळ्या पडल्या. मग लुबर्ट उठले. म्हणाले, ‘डॉक्टर महाशय, छापील ठशावरून तुम्ही वाचलंत. आता मूळ पानावरून वाचून कृतार्थ करा.’ आणि फडक्यातलं एक पान त्यांच्या हातात दिलं. डॉक्टरांनी ते ठशासारखंच धरलं, रेघा खाली. घसा खाकरून वाचायला लागले. हे रात्रीच्या राणी, तुझ्या चांदण्यात समुद्र न्हातो, वगैरे. लुबर्टनी पान परत घेतलं, टेबलाशी जाऊन इतर पानांत ठेवल्यासारखं केलं, आणि पुन्हा आणून दिलं.

‘आता हेही, कृपा करून.’

डॉक्टरांनी पान घेतलं. वाचायला लागले. हे महाराजा, तुझे हत्ती, तुझ्या सेना, तुझ्या शत्रूंच्या बायका.

आणि तेव्हा, अध्यक्ष महाशय, इथे मी तुमचं ऋण मानते. सगळी सभा माना डोलावत होती, आणि तुम्ही खुर्चीतून अर्धे उठलात. तुम्ही म्हणालात, ‘थांबा, थांबा. हा उंदरानं कुरतडलेला कोपरा. हा मघाशी खाली होता. आता वर कसा?’

केकच्या डब्याचा कुरतडलेला कोपरा ज्यानं जन्मभर तपासला त्याच्या नजरेतून तो सुटतो होय! तेच पान होतं. नुसतं फिरवून दिलेलं.

तुम्हाला वाटेल, झालं, डॉक्टर गारद. छे! असे लोक गारद होत नसतात. डॉक्टर मंद हसले आणि म्हणाले, ‘महाशयहो, पूर्वेचे कवी इतके निपुण असतात, की त्यांचं एकच पान या अंगानं धरलं तर देवाची स्तुती होते आणि त्या अंगानं धरलं तर राजाची.’ आणि काय सांगू तुम्हाला, अर्ध्या नगरसभेनं पुन्हा माना डोलावल्या! एक विश्वस्त तर ‘अद्भुत!’ म्हणाले. त्यांचं नाव मी घेत नाही. ते आज व्यासपीठावर आहेत आणि हंसाची तंगडी त्यांना फार आवडते.

आता लुबर्टना गप्प बसून चालणार नव्हतं. मी वरून बघत होते. त्यांनी खिशातून आपलाच ठसा काढला, खाली आपलं नाव असलेला, आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

‘महाशयहो,’ ते म्हणाले, ‘डॉक्टरांनी पान उलटं धरलं, कारण मी ते उलटं कोरलं. ही चूक आधी माझी, मग त्यांची. पानाकडे बघा. मी धरत होतो तसं धरलं, तर वरच्या ओळी एकमेकींना चिकटलेल्या दिसतात आणि खालच्या ऐसपैस. जगात कुठला लिहिणारा पानाच्या सुरुवातीला दाटी करतो आणि शेवटी जागा सोडतो? आपण सगळे खाली येऊन दाटी करतो, कारण पान संपत येतं. आता फिरवा. दाटी खाली गेली. आणि ज्याला मी पुस्तकाचं नाव समजलो ती अर्धी ओळ आता सगळ्यात खाली आली, डाव्या कडेला. ते नाव नाही. तिथे त्या लिहिणाऱ्याचं सांगून संपलं, एवढंच. ही लिपी डावीकडून उजवीकडे जाते, आपल्यासारखीच. आणि तिची अक्षरं रेघेवर उभी राहत नाहीत. रेघेला टांगलेली असतात, माझ्या वडिलांच्या दुकानातल्या माशांसारखी. माझे वडील कोएर्ट, ब्रिंक चौकात सुके मासे विकायचे. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्यांच्याकडून घेतले असतील.’

बापाचं नाव त्यांनी चारचौघांत घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

नगराध्यक्ष महाशय, तुम्ही विचारलंत, ‘म्हणजे तुम्हाला आता हे वाचता येतं?’

‘नाही.’

‘एखादा शब्द?’

‘एकही नाही.’

‘मग आम्ही पगार कशाचा द्यायचा?’

लुबर्ट म्हणाले, ‘खोटं न वाचण्याचा.’

कुणी हसलं, कुणी खोकलं. डॉक्टर टोपी शोधत होते. नगरसभा आतल्या खोलीत गेली, दार लागलं, आणि बराच वेळ आतून आरडाओरडा ऐकू येत होता. शेवटी तुम्ही बाहेर आलात आणि म्हणालात, ‘ठेवा त्याला. याला येत नाही ते हा सांगतो तरी. दुसरा आणला तर त्याला काय येत नाही तेही आपल्याला कळायचं नाही.’ तुमच्या उभ्या कारकिर्दीतलं ते सगळ्यात शहाणं वाक्य होतं, अध्यक्ष महाशय. बाकीच्यांबद्दल आज बोलत नाही.

मग पुस्तक छापायला घेतलं. मी पुन्हा म्हटलं, ‘आता तरी ती लॅटिन ओळ खरवडू दे. पत्रा फिरवून छापला तर तुमचं नाव पानाच्या डोक्यावर उलटं येईल. लोक हसतील. माझ्या छापखान्याला हसतील!’ ते म्हणाले, ‘येऊ दे उलटं. त्यांची अक्षरं इतकी वर्षं उलटी राहिली, माझं नाव राहिलं तर काय बिघडलं?’ मी भांडले. खूप भांडले. कागद माझा, शाई माझी, इभ्रत माझी. पण त्यांनी प्रस्तावनेचा कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं: ‘ही लिपी मी पुष्कळ वर्षं उलटी धरली. वाचकानं ती सुलटी धरावी, म्हणजे माझी वर्षं वाया गेली नाहीत.’ ते वाचलं आणि माझं तोंड बंद झालं. माझं तोंड बंद होणं म्हणजे काय, ते माझ्या जुळाऱ्यांना विचारा.

पुस्तक निघालं. फ्रांकफुर्टच्या जत्रेत पुस्तकविक्रेते तणतणत आले, ‘बाई, पत्रा उलटा छापलाय, पैसे परत द्या.’ मी प्रत्येकाला म्हटलं, ‘पत्रा सुलटा आहे, नाव उलटं आहे. आधी प्रस्तावना वाच, मग माझ्याशी भांड.’ आज सांगते, माझ्या छापखान्यातून शेकडो पुस्तकं गेली, धर्माची, कायद्याची, पंचांगं, स्तोत्रं. मेल्यावर देवानं विचारलं, काय छापलंस, तर मी ते एकच पुढे करीन. उलट्या नावाचं. ऊर भरून येतो माझा त्या पानाकडे बघून, आणि हे त्यांच्या तोंडावर सांगायला मी आजचा दिवस धरून बसले होते.

आता शेवटचं. आणि हे प्राध्यापकांनाही माहीत नाही.

माझा जावई डर्क कंपनीत कारकून आहे. दोन वर्षांपूर्वी तो निघाला तेव्हा मी पुस्तकाची एक प्रत त्याच्या पेटीत घातली आणि म्हटलं, विंगुर्ल्याला जाशील तेव्हा कुणाला तरी दाखव. मागच्या महिन्यात तो परत आला. सांगत होता, तिथे बंदराजवळ एका ओसरीवर एक लेखनिक बसतो, मांडी घालून, पुढ्यात लिहायची उतरत्या झाकणाची पेटी. डर्कनं ते पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं. डर्क आपला माणूस, त्यानं आपलं लॅटिन सुलटं दिसेल असंच ठेवलं. त्या माणसानं एकदा बघितलं, पुस्तक गर्रकन फिरवलं आणि वाचायला लागला. बोट ओळीवरून डावीकडून उजवीकडे. ओठ हलतायत. मध्येच हसला, मग गंभीर झाला. वाचून झाल्यावर आपलं उलटं लॅटिन त्यानं बराच वेळ निरखलं. ही माणसं अशीच लिहितात, असं वाटलं असेल बिचाऱ्याला. मग त्यानं बोरू घेतला. पानाखालच्या कोऱ्या जागेत आधी एक लांब रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि मग त्या रेघेला एकेक अक्षर टांगत गेला. तीन ओळी लिहिल्या, पुस्तक डर्कला परत दिलं आणि दोन्ही हात जोडले.

काय लिहिलंय? डर्कला कळलं नाही. दुभाषा त्या दिवशी तापानं पडला होता आणि जहाज सुटत होतं. तेव्हा काय लिहिलंय, ते इथे कुणालाच सांगता येणार नाही. पण प्राध्यापक, तुम्ही ठसे पाठवलेत ते सगळ्या शहाण्यांना, आणि खरं उत्तर आलं ते हे एकच.

तर, नियमाप्रमाणे आता आभार. अध्यक्ष महाशयांनी वेळ दिला आणि मधून उठून गेले नाहीत, त्यांचे आभार. विश्वस्तांचे आभार. हंस कापायला ज्या सुऱ्या लागणार आहेत त्या परत येतील या आशेवर शेजारीण हिलकेनचे आभार. आमच्या धंद्यात पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र जोडायची पद्धत आहे. माझ्या बोलण्यात कुणाचा अवमान झाला असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचं नको तिथे आलं असेल, तर ते तुमच्या मनातच दुरुस्त करून घ्या आणि या विधवेला पदरात घ्या. चुकीला सगळ्यात उदार मनाचा माणूस आज इथे बसलाय, त्याच्याकडून थोडं उसनं घ्या.

प्राध्यापक, हे घ्या पुस्तक. खूण घातलीय, उघडा. हातरुमाल नंतर शोधा. चष्मा नाकावरच आहे तुमच्या.

बघा मंडळी, कसं धरलंय बघा. क्षणभरसुद्धा थांबले नाहीत, डोक्यावर आपलं नाव उलटं, खाली तीन ओळी सुलट्या.

हंस वाढायला घ्या रे पोरांनो, पण आवाज न करता. ते बोट फिरवतायत ओळीवरून. वाचता येत नाही त्यांना, मला माहीत आहे. वाचू द्या.